त्रिस्तानच्या पोस्टातून आलेले मोजे

सात महिने आणि अकरा दिवस. एवढ्या अवधीत दारातला शेवगा दोनदा शेंगांवर आला, नातीची दहावी झाली आणि 'यांचे पैसे समुद्रात गेले' हे आमच्या सौ.नी तीन वेगवेगळ्या पाहुण्यांना ऐकवून झालं. मग परवा दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. आमच्या बीटचा पोस्टमन माझ्याच हाताखाली नोकरीला लागलेला. जाडसर पाकीट उलटसुलट करत तो म्हणाला, "मास्तर, हे गाव नक्की कुठल्या देशात येतं?"

गाव दक्षिण अटलांटिक महासागरात येतं. त्रिस्तान द कुन्हा नावाचं ज्वालामुखीचं बेट, ब्रिटिशांच्या ताब्यातलं. केपटाउनहून सुमारे २,८०० किलोमीटर. शेजारचं माणसं राहणारं बेट म्हणजे सेंट हेलेना, तेही २,४०० किलोमीटरवर. बेटावर वस्ती एकच, लोक अडीचशेच्या आत. विमान उतरायला जागा नाही. वर्षातून मोजकी जहाजं जातात, त्यांतूनच माणसं, गव्हाचं पीठ, औषधं आणि टपाल जातं. या गावाच्या पोस्टातून मी एक जोड लोकरी मोजे, तिकिटांचे दोन संच आणि शिक्का मारलेली चार पाकिटं मागवली होती. हा त्याचाच अभिप्राय. थोडा लांबेल, कारण मी एकोणचाळीस वर्षं टपाल खात्यात काढली आहेत आणि पाकीट हातात आलं की आधी ते बाहेरून वाचायची सवय जात नाही.

तर आधी बाहेरून. बांधणी उत्तम. आत पुठ्ठा, त्यावर मेणकागद, त्यावर जाड खाकी पाकीट, कोपऱ्यांना दोन फेऱ्या चिकटपट्टी. ज्याने हे बांधलं त्याला ठाऊक होतं की ही वस्तू तराफ्यावरून, भिजत, आपटत जाणार आहे. कारण तिथलं बंदर इतकं लहान की जहाज आत येतच नाही. ते बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि माल लहान होड्या-तराफ्यांवर उतरवावा लागतो. लाटा मोठ्या असल्या की तेही बंद. सहा-सात दिवसांचा प्रवास करून आलेलं जहाज गाव समोर दिसत असताना दिवसचे दिवस नुसतं डोलत थांबतं. शिक्का स्वच्छ, पूर्ण गोल, तारीख वाचता येईल असा. तिकिटं सरळ रेषेत लावलेली. पत्ता हाताने लिहिलेला, 'सातारा' अगदी सुवाच्य. माझ्या नोकरीत असा शिक्का मारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे भेटले. बाकीचे शाईच्या पॅडवर राग काढल्यासारखे मारतात.

आता सात महिन्यांचा हिशेब. मागणी केली जानेवारीत, ई-मेलने. पैसे पौंडांत, ते नातीने तिच्या बापाच्या कार्डावरून भरले. चार दिवसांत उत्तर आलं, दोनच ओळींचं: मोजे विणायला घेतले आहेत, जहाज नुकतंच गेलं, आता पुढच्या जहाजाने. हे वाचून मी निवांत झालो, सौ. झाल्या नाहीत. पुढच्या जहाजाने पार्सल केपटाउनला आलं, तिथून इकडे. आपल्या देशात उतरल्यावरही ते एका ठिकाणी पाच आठवडे पडून होतं. कुठं ते लिहीत नाही. पाकिटावरच्या शिक्क्यांच्या तारखा मी भिंगातून वाचल्या आहेत, एवढंच सांगतो. म्हणजे अटलांटिकमधून यायला लागलेल्या वेळेबद्दल माझी तक्रार नाही.

उशीर म्हणजे काय, हे मी बामणोलीला शिकलो. कोयनेच्या धरणानं शिवसागर तयार झाला आणि जावळी-महाबळेश्वरकडची कितीतरी गावं पाण्यापलीकडे गेली. टपालाची थैली लाँचमधून जायची. पावसाळ्यात वारा सुटला की लाँचवाला मान हलवायचा, संपला विषय. थैली खांद्याला लावून मी धक्क्यावर बसून राहायचो आणि पलीकडच्या गावातली एखादी म्हातारी मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघत तिकडे बसलेली असायची. तीन दिवस टपाल अडकलं की आमच्यावर अर्ज व्हायचे. त्रिस्तानच्या पोस्टात असे अर्ज येत असतील तर तेही पुढच्या जहाजानेच येत असतील.

माझी या बेटाशी ओळख मात्र एका चुकीतून झाली. १९९९ साली तिकिटांच्या नादात मी तिकडे पहिलं पत्र टाकलं. गावाचं पूर्ण नाव 'एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज', सात समुद्रांचं एडिंबरो. १८६७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो, तिथं येऊन गेला म्हणून हे नाव. तिथले लोक नुसतं 'सेटलमेंट' म्हणतात, म्हणजे आपण 'गावात जाऊन येतो' म्हणतो तसं. मी पत्त्यात ऐटीत एडिंबरो लिहिलं आणि 'दक्षिण अटलांटिक' लिहायचं राहिलं. पत्र स्कॉटलंड फिरून परत आलं. खात्यात वीसेक वर्षं काढलेल्या माणसाचा पत्ता अपुरा! ते पाकीट मी जपून ठेवलंय, कुणाला दाखवत नाही. हा घोळ करणारा मी एकटाच नव्हतो, हे नंतर कळलं. २००५ साली बेटाला ब्रिटिश पोस्टकोड मिळाला, टीडीसीयू १झेडझेड, त्यामागचं एक कारण हेच की तिथली पत्रं स्कॉटलंडला जायची. मागवणार असाल तर हा कोड पाकिटावर ठळक लिहा.

मोज्यांकडे येतो. लोकर बेटावरच्या मेंढ्यांची. बायका ती घरी पिंजतात, कातायची रीतही जुनी आहे आणि मोजे हाताने विणतात. १९५४ च्या तिकिटमालेत सर्वात महागड्या, दहा शिलिंगांच्या तिकिटावर चित्र आहे ते तिथल्या चरख्याचं. आपल्याला चरखा तिकिटावर दिसला की एकच माणूस आठवतो. इथं तो फक्त मोज्यांचा आहे. रंग मेंढीचाच, मळकट पांढरा, वरच्या काठाला पट्टे. या पट्ट्यांची गंमत अशी की जुन्या काळी तिथली मुलगी आवडत्या मुलाला मोजे विणून द्यायची आणि जेवढे पट्टे जास्त तेवढा जीव जास्त. 'प्रेमाचे मोजे' असंच त्यांना म्हणतात. मी हे ई-मेलमध्ये लिहिलं नाही, लाज वाटली. फक्त 'पट्टे जास्त असलेले असतील तर बरे' एवढं लिहिलं. लिहिणाऱ्या बाईंना समजलं असावं. चार पट्टे आलेत.

वापराचा अनुभव सांगायचा तर साताऱ्यात ऑगस्टमध्ये लोकरीचे मोजे म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली शिक्षा. पण पावसाळी रात्री फरशी गार पडली की सौ. ते घालतात, गुडघ्याखाली ओढून, वर साडी. लोकर पहिले दोन दिवस टोचते. नाकाजवळ नेलं तर मेंढीचा बारीकसा वास येतो. धनगरवाड्यावर बसल्यासारखं वाटतं, मला तो आवडतो. माप मोठं झालं, त्यात चूक माझी. इंचांचा हिशेब मी चपलेवरून केला, पावलावरून नाही. मशिनमध्ये टाकू नका. गार पाण्यात, हलक्या हाताने, आणि सावलीत आडवे वाळवा. टांगलेत तर गुडघ्यापर्यंतचे मोजे कमरेपर्यंत येतील. किंमत लिहीत नाही, पौंड वरखाली होतो. कोल्हापुरीच्या बऱ्यापैकी दोन जोडांएवढी पडली असं समजा.

आता तिकिटं. यात मी जरा जास्त वेळ घेणार.

या बेटावर १९५२ पर्यंत तिकिटंच नव्हती. पत्रावर नुसता बेटाचा रबरी शिक्का मारायचा आणि ते एखाद्या येत्या-जात्या जहाजाच्या हवाली करायचं. पोचलं तर पोचलं. घेणाऱ्याच्या गावचं पोस्ट त्याच्याकडून पैसे वसूल करी. म्हणजे आपल्याकडचं बेरंग पत्र. आमच्याकडे बेरंग आलं की घरातले लोक आधी बाहेरूनच अक्षर ओळखायचे, मग ठरवायचे की घ्यायचं का परत पाठवायचं. त्रिस्तानचं बेरंग मात्र आज संग्राहक हजारो रुपये मोजून घेतात.

पैसेही नव्हते, हे त्याहून मोठं. व्यवहार बटाट्यावर चालायचा. १९३७-३८ च्या नॉर्वेजियन मोहिमेबरोबर येऊन बेटाचा नकाशा करणारे अ‍ॅलन क्रॉफर्ड यांनी १९४६ साली बेटासाठी तिकिटाचा नमुना केला. त्यावर पेंग्विन आणि किंमत एक पेनी, किंवा चार बटाटे. तिकिटावर खरंच तसं छापलं होतं. लंडनने ते तेव्हा मान्य केलं नाही, पण 'बटाटा तिकीट' म्हणून ते जगभर गाजलं. एका पत्राला चार बटाटे हा भाव मला रास्त वाटतो. आमच्या खोऱ्यात पत्र वाचून दाखवल्याबद्दल मला कुणी नाचणी दिली, कुणी जांभळं. ती कुठल्या रजिस्टरला लावायची हा प्रश्न मला कायम पडायचा. बटाटा तिथं आजही आहे. गावापासून दोन-तीन मैलांवर दगडी कुंपणांचे वाफे आहेत, प्रत्येक घराचा आपापला. जमीन मात्र कुणाच्या मालकीची नाही, सगळ्या गावाची.

पहिली खरी तिकिटं १ जानेवारी १९५२ ला निघाली, तीही सेंट हेलेनाच्या तिकिटांवर वरून नाव छापून. १९५४ मध्ये स्वतःची चित्रं आली आणि मला सर्वांत आवडते ती हीच माला. शेवंडं, लांब होडी, गाढवांवर बसलेल्या मुली, चर्च, तो चरखा. (शेवंडं म्हणजे लॉब्स्टर, कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. बेटाचं पोट त्यावरच चालतं. मासेमारीला योग्य दिवस उजाडला की घंटा वाजवतात आणि गाव बाकीची कामं टाकून होड्या काढतं.) ही तिकिटं बघताना कळतं की चित्रं कुणी लांबून आलेल्याने गावाला विचारून काढलेली आहेत. अलीकडच्या मालांबद्दल माझं मत तितकंसं बरं नाही. राजघराण्यातली लग्नं, वाढदिवस, जयंत्या फार झाल्या. तिकिटविक्रीवर बेटाला चार पैसे मिळतात हे खरं, आणि राजा-राणी खपतात हेही खरं. पण मी मागवले ते दोन संच पक्ष्यांचे आणि होड्यांचे. छपाई उत्तम, कंगोरे साफ, गोंद एकसारखा.

जुन्या तिकिटांत एक संच माझ्याकडे नाही आणि या जन्मी येणारही नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. १० तारखेला सगळं गाव होड्यांतून नाईटिंगेल या शेजारच्या बेटावर गेलं, तिथून जहाजाने केपटाउनला आणि मग इंग्लंडला. अडीचशेच्या वर माणसं. सेंट हेलेनाने लगेच त्रिस्तानच्याच तिकिटांवर 'त्रिस्तान रिलीफ' असं छापून मदतीसाठी विकायला काढली, पण आठवड्यात ती मागे घ्यावी लागली. विकले गेले ४३४ संच. तिकिटवाल्यांच्या जगात ४३४ हा आकडा नुसता उच्चारला तरी लोक गप्प होतात.

इंग्लंडात त्यांना साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला ठेवलं. घरं मिळाली, कारखान्यांत कामं मिळाली, वीज, दूरदर्शन, दुकानं. तिथल्या सर्दी-तापाने काही म्हातारी माणसं गेलीही. १९६२ मध्ये मतदान झालं, परत जायचं की राहायचं. परत जायचं म्हणणारे १४८, राहायचं म्हणणारे ५. आणि १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले, राखेच्या त्या डोंगराशेजारी, आपल्या बटाट्यांच्या वाफ्यांकडे. त्या वर्षीच्या तिकिटांवर 'पुनर्वसन १९६३' असं छापलंय. बंदर बांधलं त्याला नाव दिलं कॅलशॉट.

हा 'पुनर्वसन' शब्द मी पहिल्यांदा त्या तिकिटावर वाचला नाही. तो मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकला. त्याच काही वर्षांत आमचं गाव कोयनेत गेलं. काही घरं डोंगरावर सरकली, काही ठाण्याकडे, रायगडाकडे, सोलापूरकडे पाठवली. आमचं घर वर सरकलं. मतदान वगैरे कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर आकडा काय लागला असता ते मला ठाऊक आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा दिसतो. आजी तिथं नारळ ठेवून यायची आणि येताना मागे वळून बघायची नाही.

खात्यात असताना कधीमधी त्या बुडालेल्या गावाच्या नावावर पत्र यायचं. एखाद्या मुंबईतल्या गिरणी कामगाराचं, जुना पत्ता पाठ असलेल्याचं. नियमाने त्यावर 'असे गाव नाही' असं लिहून परत करायला हवं. मी एकदाही केलं नाही. माणसं कुठं गेलीत ते मला माहीत होतं, पुन्हा शिक्का मारून पुढे पाठवायचो.

जाता जाता एक. ज्या त्रिस्ताँव द कुन्हाचं नाव बेटाला आहे, त्याने ते १५०६ मध्ये हिंदुस्थानाकडे येतानाच पाहिलं. त्याच्याच ताफ्यातल्या आल्बुकर्कने पुढे १५१० ला गोवा घेतला. आणि त्याचा मुलगा नुनो द कुन्हा गव्हर्नर असताना १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. मग ती परत घ्यायला १७३९ उजाडलं आणि चिमाजी अप्पा लागले. नातीला इतिहासाच्या परीक्षेला हे उपयोगी पडलं नाही, तिची तक्रार आहे.

मागवणाऱ्यांसाठी कामाचं तेवढं सांगतो. तिकिटं नुसती शिक्का मारून आतल्या पाकिटात मागवू नका. अशी तिकिटं छान दिसतात, पण त्यांनी काम केलेलं नसतं. पाकिटावर तुमचा पत्ता घालून ते उघडंच टपालात सोडायला सांगा. कडा मळतील, एखादा कोपरा दुमडेल, मधल्या गावाचे शिक्के बसतील. माझ्या चारपैकी तीन पाकिटं अशी आली, प्रत्येक वेगळ्या दिवशी. चौथ्यावर समुद्राच्या पाण्याचा डाग आहे आणि तेच माझं सगळ्यात लाडकं. दिवाळीला हवं असेल तर मागच्या दिवाळीला मागवा. वाढदिवसाची भेट म्हणून मागवत असाल तर कुठल्या वाढदिवसाची ते आधी सांगू नका. मोज्यांचं माप सेंटिमीटरमध्ये द्या, पावलाचं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो राजघराण्यासाठी.

दुसरी मागणी परवाच पाठवली. या वेळी फक्त एक पाकीट. त्यावर माझं नाव, खाली आमच्या जुन्या गावाचं नाव, पाण्याखालच्या, आणि शेवटी साताऱ्याचा माझा पिनकोड. बाईंचं उत्तर आलं की पुढचं जहाज यायला अजून वेळ आहे, पण पत्ता अगदी असाच लिहू. बीटच्या पोस्टमनला मी आधीच कल्पना दिली आहे. त्याने कागदावर गावाचं नाव लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मास्तर, आलं की मीच आणतो. पण सॉर्टिंगला सांगून ठेवायला लागेल, नाहीतर कुणीतरी नवीन पोरगं 'असे गाव नाही' लिहून परत धाडेल."